मामांची खानावळ, भाच्याचा ट्रेडमार्क: बेळगाव, शिनोळी आणि निपाणीतल्या एका नावाचं प्रकरण

नोटीस आली ती मामांनाच. म्हणजे बेळगावात ज्यांच्या आईनं घरच्या पडवीत चार बाकडी टाकून खानावळ काढली, आणि ज्यांनी पुढं इतकी वर्षं तिच्याच नावाची पाटी लावून मटणाचं ताट वाढलं, त्यांनाच वकिलानं लिहून कळवलं की हे नाव आमच्या अशिलाचा नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे, पंधरा दिवसांत पाटी काढा नाहीतर दावा लावू आणि नुकसानभरपाईपण मागू. अशील कोण, तर सख्ख्या बहिणीचा मुलगा.

आधीच सांगून ठेवतो, ही खानावळ शोधत गल्लीबोळात फिरू नका. सीमाभागातल्या छोट्या धंद्यात ज्या भानगडी होतात त्या एका घरात बसवून हे प्रकरण मांडलंय, घर आणि माणसं कल्पनेतली, कलमं, फी आणि कोर्टाचे निकाल मात्र खरे.

तर गोष्ट अशी. आज्जींनी खानावळ सुरू केली १९८८ ला, महापालिकेचं लायसन त्यांच्याच नावावर. २००४ ला आज्जी गेल्या आणि लायसन मामांच्या नावावर झालं. गिऱ्हाईक आज्जींना ज्या नावानं हाक मारायचं तेच पाटीवर, पुढं फक्त ‘खानावळ’. २०१९ ला भाच्यानं शिनोळीत, वेंगुर्ला रोडनं बाची ओलांडली की लगेच महाराष्ट्र लागतो तिथं, एमआयडीसीच्या कामगारांसाठी जेवणाचं हॉटेल काढायचं ठरवलं आणि मामांना विचारलं, “मामा, आज्जीचं नाव लावू काय?” मामा म्हणाले, “लाव की, परकं काय आहे त्यात.” मसाला मामी करून देणार, भाचा किलोमागं पैसे देणार. एवढाच करार, तोही स्वयंपाकघरात उभ्या उभ्या झालेला.

मामांनी जे केलं त्याला कायद्याच्या भाषेत लायसन म्हणतात हे त्यांना कुणी सांगितलं असतं तर ते हसले असते. पण आपलं नाव दुसऱ्याला धंद्यात वापरायला दिलं, सोबत माल किंवा कृती दिली आणि बदल्यात पैसे घेतले, की फ्रँचायझीचं बी पडलंच, तुम्ही तो शब्द उच्चारा नाहीतर नका उच्चारू. गंमत म्हणजे भारतात फ्रँचायझीचा असा वेगळा कायदाच नाही. अमेरिकेत फ्रँचायझी विकण्याआधी समोरच्याला धंद्याची कुंडली लेखी द्यावी लागते, आपल्याकडं तसं बंधन नाही, १८७२ चा करार कायदा, १९९९ चा ट्रेडमार्क कायदा, वर जीएसटी आणि बाकीचं किरकोळ, यातूनच सगळं ओढूनताणून चालवायचं. त्यामुळं जे कागदावर नाही ते शोधायला कोर्टाला साक्षीपुरावे उकरावे लागतात, आणि मामांच्या बाबतीत साक्षीदार एकच, मामी.

भाच्यानं नोंदणी केली कशी

लॉकडाऊन उठल्यावर शिनोळीचा धंदा जोरात चालला. २०२१ ला एका कन्सल्टंटनं भाच्याला सांगितलं की नाव रजिस्टर करून घे, मग फ्रँचायझी विकता येईल. नोंदणीचा ऑनलाईन टीएम-ए फॉर्म, वैयक्तिक अर्जदाराला एका क्लासला, म्हणजे माल-सेवेच्या एका वर्गाला, ४५०० रुपये, कंपनी मोठी असेल तर तेच ९०००. जेवणाखाण्याची सेवा क्लास ४३ मध्ये येते, तेवढाच एक क्लास घेतला. शिनोळी महाराष्ट्रात म्हणून अर्ज गेला मुंबईच्या ट्रेडमार्क ऑफिसला. मामांनी केला असता तर तो चेन्नईला गेला असता, कारण कर्नाटक चेन्नई ऑफिसकडं येतं. बऱ्याच जणांचा इथंच गोंधळ होतो, त्यांना वाटतं मुंबईत केलेली नोंदणी महाराष्ट्रापुरती आणि चेन्नईची कर्नाटकापुरती. तसं काही नाही बघा. सीमाप्रश्न काय चाललाय तो चालू दे, ट्रेडमार्कचं रजिस्टर देशाला एकच, ऑफिस फक्त तुमचा धंदा कुठं आहे त्यावर ठरतं.

अर्ज तपासला गेला, मग ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून आला. जर्नल दर आठवड्याला निघतं, साईटवर फुकट बघायला मिळतं आणि छापल्यापासून चार महिन्यांत कुणालाही हरकत घेता येते, ऑनलाईन फी एका क्लासला २७००. आता मटण शिजवणारा माणूस दर आठवड्याला जर्नल कशाला बघतोय. चार महिने गेले, हरकत नाही, २०२२ ला सर्टिफिकेट हातात. दहा वर्षांची मुदत, पुढं दर दहा वर्षांनी रिन्यू.

मग २०२३ ला गडहिंग्लजला एक फ्रँचायझी दिली, २०२४ च्या उन्हाळ्यात निपाणीला दुसरी. निपाणीवाल्यानं तीन लाख फी आणि एक लाख डिपॉझिट दिलं, शंभराच्या बॉन्डवर दोन पानी करार. त्याला सांगितलं होतं की बेळगावची मूळ खानावळ आमचीच. एकदा तो बेळगावात आला असताना सरळ मामांकडं जेवायला गेला आणि म्हणाला, “मालक, मी तुमचा निपाणीचा फ्रँचायझी.” मामांना काही कळेना. त्यांनी सांगितलं की आमची कुठं शाखाच नाही. दुसऱ्या दिवशी निपाणीवाला भाच्याकडं पैसे परत मागायला गेला, त्याच आठवड्यात मामींनी मसाला बंद केला, आणि महिन्याभरात ती नोटीस आली.

कागद कुणाकडं, हक्क कुणाकडं

सर्टिफिकेट बघितलं की बहुतेक माणसं हात वर करतात. मामापण पाटी उतरवायलाच निघाले होते. पण ट्रेडमार्क कायद्याचं कलम ३४ नीट वाचलं पाहिजे. नोंदणी करणाऱ्यानं नाव वापरायला लागण्याच्या आधीपासून आणि त्याच्या नोंदणीच्याही आधीपासून जो ते सलग वापरतोय, त्याला सर्टिफिकेटवाला रोखू शकत नाही. या दोन तारखांत जी आधीची, तिच्याही मागचा वापर दाखवावा लागतो. इथं भाच्याच्या स्वतःच्या अर्जानंच मामांचं काम सोपं केलं, कारण त्यात वापर कधीपासून या रकान्यात २०१९ लिहिलेलं, सोबत तसं शपथपत्रपण जोडलेलं.

याच मुद्द्यावर सुप्रीम कोर्टाचा २०१५ चा निकाल आहे, एस. सय्यद मोहिद्दीन विरुद्ध पी. सुलोचना बाई. तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीच्या इरुट्टुकडई हलव्याचं भांडण. एकाकडं जुनं दुकान आणि नावलौकिक, दुसऱ्यानं त्याच नावापुढं गावाचं नाव जोडून आपलीपण नोंदणी करून घेतलेली. कोर्टानं सांगितलं की आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क नोंदणीपेक्षा वरचा, नोंदणी असली तरी पासिंग ऑफचा दावा चालतो. पासिंग ऑफ म्हणजे आपला माल किंवा सेवा दुसऱ्याची म्हणून खपवणं, आणि कलम २७ मध्ये हा हक्क नोंदणी नसलेल्यालाही शाबूत ठेवलाय. हलव्याच्या दुकानाला लागू तर खानावळीला का नाही.

पण हक्क असला तरी तो दाखवायला पुरावा लागतो, आणि खानावळीत पुरावा म्हणून काय असतं? मामांनी माळ्यावरचं ट्रंक खाली काढलं. त्यात सगळ्यात कामाचं निघालं ते एक अर्धवट वापरलेलं बिलबुक, वर आज्जींचं नाव, खाली छापलेला फोन नंबर आजच्यापेक्षा कमी आकड्यांचा, आणि अगदी तळाला बारीक अक्षरात प्रेसचं नाव आणि छपाईचं वर्ष. बिलावर कार्बनचे डाग, एका पानावर ‘रस्सा ज्यादा’ लिहून दोन रुपये लावलेले. वकिलानं ते हातात घेतल्यावर बाकीचे कागद बाजूला सारले. महापालिकेची लायसनं, एका लग्नाच्या ऑर्डरची पावती, दिवाळीत स्थानिक पेपरला दिलेली शुभेच्छांची जाहिरात, फूड लायसन, जीएसटीचं सर्टिफिकेट, हे सगळं वर्षवार लावलं. लॉकडाऊनच्या महिन्यांतलं काहीच नव्हतं, त्याची मामांना काळजी, पण सरकारनंच बंद ठेवायला लावलं तर त्याला नाव सोडून दिलं असं म्हणता येत नाही.

(जुनी बिलबुकं रद्दीत घालणाऱ्यांनो, प्रत्येक वर्षाचं निदान एक तरी ठेवा राव.)

भाच्याची नोंदणी रद्द करून घ्यायला कलम ५७ आहे. ज्या ऑफिसात नोंदणी झाली तिथल्या रजिस्ट्रारकडं किंवा हायकोर्टाकडं अर्ज करायचा. मुद्दा साधा, अर्ज करताना स्वतःला मालक म्हणवून घ्यावं लागतं आणि भाचा मालक नव्हता, परवानगीनं वापरणारा होता, तेही त्याला पक्कं ठाऊक होतं. इथं वेळेचं एक भान ठेवायचं. कलम ३३ सांगतं की नोंदलेलं नाव समोरचा वापरतोय हे माहीत असून पाच वर्षं सलग गप्प बसलात तर नंतर नोंदणी रद्द करा म्हणता येत नाही, नोंदणी वाईट हेतूनं केली हे दाखवता आलं तर गोष्ट वेगळी. मामांची पाच वर्षं अजून भरली नव्हती.

आता दावा लावायचा झाला तर कुठं? भाच्याकडं नोंदणी असल्यामुळं कलम १३४ नं त्याला स्वतःच्या गावच्या जिल्हा कोर्टात, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात दावा टाकून मामांना तिकडं ओढता येत होतं. मामांच्या पासिंग ऑफला ही सवलत नाही, प्रतिवादी जिथं राहतो किंवा फसवणूक जिथं घडली तिथंच जावं लागतं. म्हणजे शिनोळी धरली तर परत कोल्हापूर जिल्हाच. पण निपाणी बेळगाव जिल्ह्यात येते ना! भाच्यानं निपाणीत पाटी लावायला दिली आणि गिऱ्हाईक तिथं फसलं, म्हणजे दाव्याचं कारण बेळगाव जिल्ह्यात घडलं. फ्रँचायझी विकताना भाच्यानं हायवेवरची गर्दी बघितली, कोर्टाची हद्द नाही बघितली. आणि तीन लाखांचं किंवा त्याच्या वरचं असलं भांडण कमर्शियल कोर्टात जातं, तिथं तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर आधी मध्यस्थी सक्तीची, सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये हे पक्कं केलंय.

इथपर्यंत मामांचं पारडं एकदम जड. मामा तर म्हणायला लागले की भाच्याला आता दाखवतोच.

आक्कांचा हिस्सा

मग भाच्याच्या वकिलाचं दुसरं पत्र आलं आणि त्यात जे होतं ते माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यात वजनदार. त्यानं विचारलं, मूळ धंदा कुणाचा? आज्जींचा. लायसन कुणाच्या नावावर? आज्जींच्या. मृत्युपत्र? नाही. मग १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ प्रमाणं बाईची मालमत्ता आधी मुलगे, मुली आणि नवरा यांना सारखी जाते, आजोबा आज्जींच्या आधीच वारलेले, राहिले मामा आणि आक्का, म्हणजे भाच्याची आई. धंद्याचं गुडविल, म्हणजे नावानं कमावलेली पत, ही मालमत्ताच आहे. म्हणजे नावात आक्कांचा अर्धा वाटा, आणि भाचा आईच्या परवानगीनं वापरतोय.

मामांनी आक्कांचं हक्कसोड पत्र बाहेर काढलं. होतं की, रीतसर रजिस्टर केलेलं. पण त्यात काय लिहिलेलं? घर आणि मागचा परडा, चतुःसीमेसकट. खानावळीचा, नावाचा, धंद्याचा एक शब्द नाही. असं शंभरातल्या नव्वद घरांत असणार असा माझा अंदाज आहे, कारण हक्कसोड लिहिताना सगळे जमिनीच्या गुंठ्यांवर बघतात, पाटीकडं कुणाचं लक्षच नसतं. मामांच्या बाजूनंही मुद्दे होते, लायसन त्यांच्या नावावर होऊन वीस वर्षं झालेली, आक्कांनी ना कधी हिशोब मागितला ना पैसे, नाव टिकवलं ते मामा-मामींनी. कदाचित मामा जिंकलेही असते. पण ट्रेडमार्कचं सोपं भांडण वाटणीचा दावा होऊन बसलं की किती वर्षं चालतं हे बेळगावकरांना सांगायला नको.

निपाणीवाल्याचं काय

या सगळ्यात खरा अडकला तो निपाणीवाला. त्यानं फ्रँचायझी घेताना तीन गोष्टी बघायला हव्या होत्या. एक म्हणजे रजिस्टरवर नाव शोधायचं, ते त्यानं केलं, भाच्याचं सर्टिफिकेट दिसलं, समाधान झालं. दुसरी, वापर कधीपासून हा रकाना वाचायचा. मूळ खानावळ १९८८ ची सांगतात आणि अर्जात २०१९ कसं, एवढा एक प्रश्न विचारला असता तर तिथंच भाच्याची गाडी अडली असती. तिसरी, बेळगावला एक चक्कर मारायची पैसे देण्याआधी, जी त्यानं दिल्यानंतर मारली.

त्याच्या दोन पानी करारात एक कलम होतं की फ्रँचायझी सुटल्यावर पाच वर्षं निपाणी तालुक्यात खानावळ चालवायची नाही. तो याच कलमाला सगळ्यात जास्त घाबरला होता आणि नेमकं तेच कलम सगळ्यात पोकळ. करार कायद्याच्या कलम २७ नं धंदा करायला बंदी घालणारा करार त्या मर्यादेपुरता रद्द. करार चालू असताना दुसऱ्याचा तसलाच धंदा करू नको ही अट चालते, गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका कोला या १९९५ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं तसंच धरलं, पण करार संपल्यावरही हात बांधून ठेवायचे म्हटलं तर ते टिकत नाही. नाव सोडायचं, पाटी काढायची, मसाल्याची कृती बाहेर द्यायची नाही, एवढं मागता येतं. खानावळच घालू नको म्हणता येत नाही.

आणि मूळ खानावळ आमचीच हे खोटं सांगून सही घेतली असेल तर फसवणुकीच्या मुद्द्यावर त्याला करार मोडून पैसे परत मागता येत होते. अडचण एवढीच की तीन लाखांतले दोन लाख रोख दिलेले, पावती नाही, जीएसटीचं बिल नाही. फ्रँचायझी फीवर १८ टक्के जीएसटी लागतो, तो वाचवायला दोघांनी मिळून बिल टाळलं आणि त्यात पुरावापण गेला.

मिटलं कसं

शेवटी मामींनी मिटवलं असं म्हटलं तरी चालेल. मसाला त्यांच्या हातात. ट्रेड सिक्रेटचा वेगळा कायदा आपल्याकडं नाही, कृती जपायची ती करारानं किंवा तोंड बंद ठेवून, आणि मामींनी दुसरा मार्ग इतकी वर्षं व्यवस्थित पाळलेला. मसाल्याशिवाय भाच्याचं सर्टिफिकेट म्हणजे नुसता कागद, हे शिनोळीच्या कामगारांनी पंधरवड्यातच दाखवून दिलं होतं, डबे निम्म्यावर आले होते.

मध्यस्थीत ठरलं ते असं. भाच्यानं नोंदणी रद्द करून घालवायची नाही, ती गुडविलसकट मामांच्या नावावर करून द्यायची, म्हणजे अर्जाची तारीख वाया जात नाही. त्याची रजिस्ट्रीत टीएम-पी फॉर्मनं नोंद. आक्कांनी नावातला आणि धंद्यातला हक्क वेगळ्या लेखानं सोडायचा, बदल्यात शिनोळी आणि निपाणीच्या रॉयल्टीतला ठरलेला वाटा त्यांना हयातभर. मामांनी भाच्याला शिनोळीपुरतं लेखी लायसन द्यायचं, त्यात मसाला कुठून घ्यायचा, ताटात काय काय हवं, मामा कधीही येऊन स्वयंपाकघर बघू शकतात, पुढं कुणाला नाव द्यायचं नाही, आणि करार संपला की किती दिवसांत पाटी उतरवायची, हे सगळं. दर्जावर लक्ष ठेवायची ती अट फुकटची वाटते पण तीच महत्त्वाची, नुसतं नाव देऊन मालक डोळे मिटून बसला की उद्या कोर्टात नाव त्याचं राहिलंय की नाही हाच प्रश्न येतो.

गडहिंग्लजवाला बाहेर पडला, त्याला डिपॉझिट पूर्ण आणि फी अर्धी परत, त्यानं त्याच जागेत स्वतःच्या नावानं हॉटेल चालू ठेवलंय. निपाणीवाल्यानं मामांशी नवा करार केला, बिलासकट. करार बेळगावात कर्नाटकच्या ई-स्टॅम्पवर झाले, शिनोळीचा कागद महाराष्ट्रात वापरायला नेताना तिथली ड्युटी जास्त बसली तर फरक भरावा लागतो, तो भाच्यानं भरायचा असं ठरलं. फूड लायसन प्रत्येक जागेचं वेगळं, तिथं मामांचा नंबर चालत नाही.

राहिली पाटी. भाच्याची नोंदणी देवनागरी अक्षरातल्या नावाची. बेळगावात आणि निपाणीत पाटीवर ६० टक्के कन्नड हवं, २०२४ पासून कायदाच तसा झालाय, म्हणजे गिऱ्हाईकाच्या डोळ्यांसमोर मोठ्या अक्षरात जे नाव आहे ते कन्नड लिपीतलं. उच्चार सारखा असला तर लिपी बदलून कुणी पळवाट काढू शकत नाही हे खरं, तरी मामांनी कन्नड लिपीतल्या नावाचा वेगळा अर्ज टाकलाय, या वेळी चेन्नईला, क्लास ४३ बरोबर मसाल्यासाठी क्लास ३० पण, दोन्ही मिळून ९००० रुपये. मसाल्याची पाकिटं निपाणीवाल्यालाच विकायला हवी आहेत. मामी अजून हो म्हणालेल्या नाहीत, त्यांचं म्हणणं पाकिटावर कुणाचा फोटो येणार ते आधी ठरवा, आज्जींचा की त्यांचा, कारण कृती आज्जींची असली तरी त्यातलं दगडफूल त्यांनी वाढवलंय.